टॅटच्या गोष्टी स्कोअरिंगला पाठवण्यापूर्वी

टॅट म्हणजे थीमॅटिक अॅपरसेप्शन टेस्ट: चित्राचं कार्ड दाखवून त्यावर गोष्ट सांगायला लावणारी मानसशास्त्रीय चाचणी. त्या गोष्टींना गुण देण्याचं काम आम्ही करतो. आलेला प्रोटोकॉल, म्हणजे गोष्टींची नोंद, आम्ही परत का पाठवतो, असं अनेक समुपदेशक विचारतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: सांगणाऱ्याची गोष्ट आलेली नसते, तिचा सारांश आलेला असतो.

पहिलंच कार्ड घ्या, मुलगा आणि व्हायोलिन. समजा, सांगणारा म्हणाला, "त्याला वाजवायचं नाहीये... म्हणजे, वाजवायचंय, पण आईनं बसवलंय. मग... काय, वाजवतो शेवटी." तुमच्या कागदावर उतरतं, 'आईच्या आग्रहाने मुलगा व्हायोलिन वाजवतो.' वाक्य खोटं नाही, पण ज्यावर गुण द्यायचे तेच गळालं. नकार दिला आणि लगेच मागे घेतला, 'मग'पाशी अडखळला, शेवट उरकला. चाचणीचे एक जनक हेन्री मरे यांच्या पद्धतीत नायकाची गरज आणि त्याच्यावरचा दबाव यांची तीव्रता १ ते ५ मध्ये ठरवताना आम्ही याच जागा बघतो. सारांशाला गुण दिले, तर ते सारांश लिहिणाऱ्याला मिळतात.

तुमचे प्रश्नही लिहा. कंसात 'प्र' पुरे. "पुढे काय झालं?" विचारल्यावर आलेला शेवट आणि आपणहून सांगितलेला शेवट आम्ही सारखा धरत नाही. कार्डाचा क्रमांक पूर्ण हवा, नुसतं '३' नको: ३ बीएम (मुलगे-पुरुषांसाठीचं) की ३ जीएफ (मुली-स्त्रियांसाठीचं)?

वेळ लागतो, कारण प्रत्येक गोष्ट दोघे जण एकमेकांचे गुण न बघता तपासतात आणि फरक पडेल तिथे बसून बोलतात. स्कॉर्स-जी (गोष्टीत माणसं आणि नाती कशी दिसतात हे मोजणारी) पद्धत मागितलीत तर एकेका गोष्टीला ८ परिमाणांवर १ ते ७ गुण द्यावे लागतात. दहा गोष्टी म्हणजे ८० निर्णय. ते घाईत केले तर अहवालाला अर्थ उरत नाही.

एका गोष्टीवरून निदानही आम्ही लिहून देत नाही. ३ बीएमवर दुःखाची, आत्महत्येची गोष्ट पुष्कळ जण सांगतात; ते चित्रच तशा गोष्टी ओढून घेतं. तरी काळजी वाटली, तर अहवालाची वाट बघू नका, त्या व्यक्तीला त्याच भेटीत थेट विचारा.

बोलण्याच्या वेगानं लिहिणं जमत नसेल, तर संमती घेऊन रेकॉर्डिंग करा. ते शब्दशः, थांबण्याच्या जागांसकट उतरवून देण्याचं काम आम्ही करतो. नोंदीचा कोरा तक्ता हवा असेल तर मागवा, त्याचे पैसे नाहीत. व्यक्तीचं नाव मात्र कुठेही नको. सांकेतिक क्रमांक, वय आणि लिंग एवढं पुरतं.