कन्सोलची निळी वायर: टेलिप्रिंटरपासून राउटरपर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत राउटर बसवायला गेलो होतो. बॅगेतून कन्सोलची, म्हणजे लॅपटॉप थेट राउटरला जोडून त्याला हुकूम द्यायची, चपटी निळी वायर काढली तसे सीएनसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचे एक काका पुढे आले. तिचं नऊ पिनांचं टोक हातात घेऊन म्हणाले, "ही तर आमचीच वायर की!" बरोबर होतं त्यांचं. मशीनमध्ये प्रोग्रॅम चढवायचा आरएस-२३२ पोर्ट आणि राउटरचा कन्सोल, दोन्ही एकाच घराण्यातले.

आरएस-२३२ हे जोडणीचं मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं. तेव्हा काम होतं तारेवरून आलेला मजकूर छापणारा टेलिप्रिंटर मोडेमला जोडायचं. १९६३ चा 'मॉडेल ३३' टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरं छापायचा. त्याच्या लोखंडी भागांना जागेवर यायला उसंत लागे, म्हणून प्रत्येक अक्षरामागे दोन स्टॉप बिट, म्हणजे विसाव्याच्या खुणा, पाठवत. आज पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये आपण '८-एन-१' (आठ डेटा बिट, तपासणीचा बिट नाही, एक स्टॉप बिट) ठेवतो, त्यातला १ हा त्या उसंतीचाच उरलेला अंश. 'बॉड' हे वेगाचं एककही एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्र अभियंत्याच्या नावावरून आलेलं.

पुढे कागदाच्या जागी पडदा आला. १९७८ चा व्हीटी-१०० टर्मिनल इतका रुजला की त्याचे सांकेतिक हुकूम पुट्टीला आजही समजतात. राउटर बनवणारी सिस्को कंपनी १९८४ ची. राउटरला ना पडदा ना कीबोर्ड, मग टर्मिनलसाठी एक पोर्ट ठेवला, वेग ९६००. या वायरीतून घड्याळाचा ठोका जात नाही, दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घ्यावा लागतो. पडद्यावर चित्रविचित्र अक्षरं उमटली की नवी मुलं वायर बदलायला धावतात. माझं सांगणं एकच, आधी बॉड बघा.

राउटरकडचं टोक लॅनसारखं दिसतं, पण जोडणी वेगळी. दोन्हीकडे तेच लॅनसारखं टोक (आरजे-४५) असलेली रोलओव्हर वायर घ्या, टोकं शेजारी धरा: एकीकडे रंगांचा जो क्रम, दुसरीकडे बरोबर त्याच्या उलटा. पहिली पिन आठवीला, दुसरी सातवीला.

विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल हा पुट्टीसारखाच प्रोग्रॅम सोबत यायचा, व्हिस्टात तो गेला. लॅपटॉपवरचा नऊ पिनांचा पोर्टही गेला, यूएसबी कन्व्हर्टर आले. तिथे पैसे वाचवू नका. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हर अपडेटने नकली चिप असलेले कन्व्हर्टर एका झटक्यात बंद पाडले होते.

तरीही हा पोर्ट टिकला, कारण त्याला नेटवर्क लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर शाहूपुरीतल्या एका ऑफिसात वीज आली, पण कपाटावर ठेवून वाचवलेला राउटर काही उठेना. आयपी नाही, पिंग नाही, नेटवर्कवरून आत शिरायचं एसएसएच कुठून करणार? निळी वायर लावली, एंटर दाबला आणि काळ्या पडद्यावर 'रॉममॉन' उमटलं, म्हणजे राउटर त्याच्या मूळ दुरुस्ती-मोडमध्ये थांबला होता. फ्लॅश मेमरीतली राउटरची सिस्टिम फाइल तिथूनच तपासली, बूट दिला. तासाभरात ऑफिसातल्या मुलीने पहिला मेल पाठवला.