रिक्रूटिंग एजंट आणि इमिग्रेशन सल्लागार: वर्क परमिटसाठी कोणाकडे कशासाठी जावे

खेड, मंडणगड, दापोलीपासून म्हसळा, श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यातून पिढ्यानपिढ्या माणसे आखातात जात आली आहेत. तरीही ज्याच्या हाती आपण पासपोर्ट आणि पैसे देतो तो माणूस नेमका कोणाचे काम करतो, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. नोकरीसाठी माणसे भरणारा रिक्रूटिंग एजंट आणि वर्क परमिटविषयी कायदेशीर सल्ला देणारा वकील किंवा परवानाधारक सल्लागार हे दोघेही कागदपत्रे मागतात, अर्जाची भाषा जाणतात आणि फी घेतात, त्यामुळे वरवर पाहता ते एकाच धंद्यातले वाटतात. प्रत्यक्षात एजंटाचे गिऱ्हाईक हे परदेशातील मालक असते, कारण माणसांची मागणी त्या मालकाकडून आलेली असते. सल्लागाराचे अशील मात्र आपण स्वतः असतो. कोकणात जमीन घेताना सातबारावरची सामाईक नावे आणि फेरफार तपासण्यासाठी कोणीही विकणाऱ्याच्या दलालावर विसंबून राहत नाही, आपला वकील लावतो. परदेशी नोकरीच्या बाबतीत मात्र हीच काळजी घ्यायचे राहून जाते.

रिक्रूटिंग एजंटाला भारतात उत्प्रवास अधिनियम, १९८३ (एमिग्रेशन ॲक्ट) लागू होतो. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केल्याशिवाय आणि बँक हमी ठेवल्याशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. नोंदणी क्रमांक कार्यालयात आणि जाहिरातीत ठळकपणे दिसला पाहिजे, आणि तो ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात आणि त्याची पावती द्यावी लागते. गावात घरी येऊन पासपोर्ट गोळा करणारा, "मुंबईच्या ऑफिसचा माणूस" म्हणून ओळखला जाणारा सब-एजंट या कायद्याला मान्य नाही. अशा व्यवहारात हाती पडणारी पावती बहुधा एखाद्या टूर्स अँड ट्रॅव्हल्सच्या लेटरहेडवर असते. तिच्यावर नोंदणी क्रमांक नसतो, पदाचे किंवा मालक कंपनीचे नाव नसते, रकमेपुढे फक्त "सर्व्हिस चार्ज" असे लिहिलेले असते आणि निम्मी रक्कम रोखीने दिल्यामुळे ती त्या कागदावर आलेलीच नसते. पुढे फसवणुकीची तक्रार द्यायची वेळ आली, तर हाच कागद पुरावा म्हणून पुढे करावा लागतो, आणि त्यावरून फार काही सिद्ध होत नाही.

नोंदणीकृत आणि प्रामाणिक एजंट उपयोगी असतो, यात शंका नाही. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाला आखातासह ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना जी उत्प्रवास मंजुरी, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी, लागते, तिची कामे तो जाणतो. पण "हा करार मी स्वीकारावा का" किंवा "मालक बदलायचा झाला तर काय करावे" हे प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही, कारण त्यांचे खरे उत्तर कित्येकदा त्याला मागणी देणाऱ्या मालकाच्या विरोधात जाते. "आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर बदलून मिळेल" हा सर्रास दिला जाणारा सल्ला या दृष्टीने पाहावा. संयुक्त अरब अमिरातीत परमिटाशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला २०२४च्या दुरुस्तीनुसार एक लाख ते दहा लाख दिरहम दंड होऊ शकतो, आणि व्हिजिट व्हिसावर काम करणारा कामगारही बेकायदा ठरतो. कुवेतमध्ये खासगी कंपनीचा परवाना तिथल्या निवास नियमांच्या कलम १८ खाली आणि घरकामाचा कलम २० खाली असतो. एकातून दुसऱ्यात जाणे मालकाच्या शब्दावर नव्हे, तर सरकारच्या त्या वेळच्या नियमावर अवलंबून असते.

सल्लागाराचे स्थान देशानुसार बदलते. आखाती देशांत वर्क परमिट मालकानेच काढायचे असते. अमिरातीच्या कायद्यानुसार भरतीचा खर्च कामगाराकडून वसूलही करता येत नाही. त्यामुळे तिकडे जाण्यापूर्वी वकिलाला फारसे काम नसते. ऑफर लेटर मात्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागून घ्यावे. अमिरातीच्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदी किंवा उर्दू निवडता येते. मराठी नसली तरी आपल्याकडच्या बहुतेकांचे त्यावाचून अडणार नाही. वाद झाल्यास तक्रार आधी कामगार मंत्रालयाकडे करावी लागते, आणि एक लाख दिरहमांपर्यंतच्या दाव्यांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. वकिलाची फी परवडत नसेल, तर भारतीय दूतावासाच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजूंना कायदेशीर मदत मिळू शकते. हा निधी २००९ पासून आहे.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन या देशांत चित्र निराळे आहे. तेथे फी घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देणे हाच परवान्याचा विषय आहे. कॅनडात असा सल्ला वकील, क्वेबेक प्रांताचे नोटरी, लॉ सोसायटीचे (वकिलांच्या नियामक संस्थेचे) पॅरालीगल किंवा इमिग्रेशन सल्लागारांच्या 'कॉलेज' नावाच्या नियामक संस्थेचे सदस्य यांनाच देता येतो. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाला सात अंकी क्रमांक असतो. ब्रिटनमध्ये या क्षेत्रावर देखरेख ठेवणारी संस्था जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी या नावाने काम करते. या सर्वांची नावे संबंधित संस्थांच्या सार्वजनिक यादीत सापडतात, आणि चिपळूणच्या किंवा रत्नागिरीच्या घरात बसून ती पाहता येतात. "कॅनडा इमिग्रेशन" अशी पाटी लावून बसलेल्या माणसाचे नाव त्या यादीत नसेल, तर त्याच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र कितीही मोठे असले तरी उपयोगाचे नाही.

कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधीसाठी आयएमएम ५४७६ हा स्वतंत्र नमुना असतो, आणि माझ्या मते खऱ्या सल्लागाराची पारख करायला हा एक कागद पुरतो. त्यात सल्लागाराचे नाव, त्याच्या संस्थेचे नाव आणि सदस्य क्रमांक लिहून आपल्याला आणि त्याला दोघांनाही सही करावी लागते. पैसे पूर्ण घेऊन "या फॉर्मची गरज नाही, अर्ज तुम्हीच भरला असे दाखवू" असे कोणी सांगितले, तर खोट्या अनुभवपत्राची किंवा चुकीच्या माहितीची जबाबदारी तो आपल्यावर टाकतो आहे, असे समजावे. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास कॅनडा पाच वर्षे प्रवेश नाकारू शकतो. ती बंदी अर्जदारावर येते. नाव न लावणारा माणूस कोठेच सापडत नाही. उलट, परवानाधारक सल्लागार लेखी करार करतो, कोणत्या कामाची किती फी ते त्यात लिहितो आणि परमिट मिळेलच अशी हमी देत नाही. नकाराची शक्यता स्पष्टपणे सांगणाऱ्या सल्लागाराकडून उठून लोक हमी देणाऱ्याकडे जातात, हे दुर्दैव आहे.

जहाजावरची नोकरी या दोन्हींत बसत नाही. तिथे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेली कंपनीच भरती करू शकते आणि तिने खलाशाकडून भरतीची फी घेणे नियमबाह्य आहे.

तक्रारीचे रस्तेही दोघांसाठी वेगळे आहेत. सल्लागाराविरुद्धची तक्रार त्याला परवाना देणाऱ्या परदेशातील संस्थेकडे जाते. एजंटाविरुद्ध मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचे हित पाहणारा सरकारी अधिकारी) यांच्या कार्यालयाकडे, ई-मायग्रेटवर किंवा पोलीस ठाण्यात जाता येते. तक्रारीचे कागद तयार करण्यासाठी रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारणा करावी, महिलांना आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतील लोकांना तिथे वकील मोफत मिळतो. १९८३च्या कायद्यातील गुन्ह्यांचा खटला चालवायला एरवी केंद्र सरकारची मंजुरी लागते, पण फसवला गेलेला माणूस स्वतः किंवा त्याचे आई, वडील, पती, पत्नी, भाऊ, बहीण, मुले यांपैकी कोणी तक्रार केली, तर ती लागत नाही. म्हणून पावती, करार आणि पासपोर्टच्या प्रतींचा एक संच जाणाऱ्याने बॅगेत ठेवावा आणि दुसरा घरच्यांच्या हाती द्यावा.