पॅरिसचा फूट आणि इंग्लंडचा फूट: जुने आकडे मीटरमध्ये आणताना होणारी गल्लत

इंग्लिश फुटाची ओळख करून देण्याची गरज नाही. बारा इंचांचा, ३०.४८ सेंटिमीटरचा हा फूट सर्वांच्या परिचयाचा आहे. १९५९ साली त्याची लांबी नेमकी ०.३०४८ मीटर अशी ठरली, आणि त्याआधीच्या इंग्लिश फुटाशी असलेला तिचा फरक इतका सूक्ष्म आहे की इतिहासाच्या वाचकाने तो खुशाल विसरावा. खरी गल्लत दुसरीकडे होते. सतराव्या-अठराव्या शतकातील कोणत्याही युरोपीय ग्रंथात ‘फूट’ दिसला की त्याला डोळे झाकून ०.३०४८ ने गुणले जाते, आणि चुकीचा गुणाकार एका लेखातून दुसऱ्या लेखात तसाच उतरत जातो.

पॅरिसचा फूट, ज्याला राजाचा फूट असेही म्हणत, ३२.४८ सेंटिमीटरचा होता. त्याचेही इंच बाराच, प्रत्येक इंचाच्या बारा रेघा, आणि सहा फुटांचा एक त्वाझ, म्हणजे सुमारे १.९४९ मीटर. हा फूट इंग्लिश फुटापेक्षा सुमारे साडेसहा टक्के मोठा आहे. तोंडी हिशेबासाठी पॅरिसचे १५ फूट म्हणजे इंग्लंडचे जवळजवळ १६ फूट असे धरावे. हा फरक दुपटीचा असता तर कोणीही थबकले असते. साडेसहा टक्क्यांनी मात्र भिंत भिंतीएवढीच दिसते, माणूस माणसाएवढाच राहतो, आणि चूक कोणाच्याही नजरेत भरत नाही. क्षेत्रफळात हीच तफावत साडेतेरा टक्क्यांच्या पुढे जाते आणि घनफळात एकवीस टक्क्यांवर पोहोचते.

लेखक ज्या देशाचा, त्या देशाचा फूट, हा सर्वांत घातक समज आहे. न्यूटनचेच पाहा. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिआ’च्या तिसऱ्या खंडात पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे १५ पूर्णांक १/१२ फूट खाली येते, असे तो मांडतो. न्यूटन इंग्रज, म्हणून फूटही इंग्लिश असे गृहीत धरले तर हे अंतर ४.६० मीटर येते, आणि त्याच्या दुपटीने निघणारे गुरुत्वत्वरण ९.२ मीटर प्रति सेकंद वर्गच्या आसपास, म्हणजे उघडच चुकीचे. तोच आकडा पॅरिसच्या फुटांत धरला की अंतर ४.९० मीटर आणि त्वरण ९.८० मिळते, जे आपण शाळेत शिकतो. मूळ मजकुरात ‘पॅरिसचे फूट’ असे स्पष्ट लिहिलेले आहे, कारण तेथे त्याने आधाराला घेतलेली मोजमापे पॅरिसच्या मापांत होती: फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिकारने मोजलेली रेखावृत्ताच्या एका अंशाची ५७,०६० त्वाझ ही लांबी आणि डच शास्त्रज्ञ हायगेन्सचा सेकंदाचा लंबक, म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेणारा लंबक. सारांश करणारा ‘पॅरिसचे’ हे विशेषण अनावश्यक समजून गाळतो, आणि पुढच्या माणसाने कितीही काळजीपूर्वक गुणाकार केला तरी तो व्यर्थ जातो.

म्हणून मापाचे नाव हाती नसेल तेव्हा लेखकाच्या राष्ट्रीयत्वापेक्षा निसर्गातील न बदललेल्या राशीवर विसंबावे, असे माझे ठाम मत आहे. या सेकंदाच्या लंबकाची लांबी ३ फूट ८½ रेघा अशी दिलेली आढळते. पॅरिसच्या मापाने ती ९९.४ सेंटिमीटर होते, इंग्लिश मापाने ९३.२. असा लंबक आजही सुमारे ९९.४ सेंटिमीटरचाच लागतो, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही.

फ्रान्समधील कागदपत्रांसाठी आणखी एक सावधगिरी हवी. १७९९ साली मीटरची लांबी पॅरिसच्या ४४३.२९६ रेघा अशी ठरली, पण लोकांना नवी मापे पचेनात, म्हणून नेपोलियनच्या १८१२ च्या फर्मानाने मीटरचा बरोबर तिसरा हिस्सा असलेला, ३३.३३ सेंटिमीटरचा नवा फूट किरकोळ व्यवहारासाठी चालू केला आणि त्वाझ दोन मीटरचा धरला. १ जानेवारी १८४० पासून हा प्रकार बंद झाला. मधल्या काळातील कागदावरचा फूट कोणता, हे तारीख आणि व्यवहाराचे स्वरूप पाहिल्याशिवाय ठरवू नये.

राहिला दशांशांचा हव्यास. मूळ लेखक ‘सुमारे २०० फूट’ म्हणतो आणि रूपांतर करणारा ६४.९७ मीटर लिहितो. ही अचूकता मूळ मोजणीत कधीच नव्हती, तेथे ६५ मीटर पुरेसे आहे. मूळ आकडा मूळ मापासह मजकुरात ठेवावा, कंसात मीटर द्यावेत, आणि कोणता फूट धरला ते तेथेच लिहावे, म्हणजे आपला गुणाकार चुकला असला तरी पुढच्या वाचकाला तो दुरुस्त करता येईल.