निर्मिती उद्योगासाठी डिजिटल तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर प्रशिक्षण

कारखान्यात आधीपासून नोकरी करणाऱ्या अभियंत्यांना सेन्सर, पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक नियंत्रक संगणक), डेटा विश्लेषण, रोबोट, डिजिटल ट्विन (यंत्राची संगणकातली प्रतिकृती) यांचा उत्पादनात वापर शिकवणारे पदवीनंतरचे शिक्षण. पूर्णवेळ एम.टेक.पासून नोकरी सांभाळून करायच्या पदविकेपर्यंत त्याची अनेक रूपे आहेत. यंत्रे, सेन्सर आणि संगणक एकमेकांना जोडून चालवायच्या उत्पादनाला दिलेली ‘इंडस्ट्री ४.०’ ही संज्ञा २०११ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर मेळ्यात पुढे आली आणि त्यानंतर अशा अभ्यासक्रमांना जोर चढला.

मुंबईत याची पायाभरणी जुनी आहे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयची स्थापना १८८७ ची, पवईच्या आयआयटीची १९५८ ची. पवईतच १९६३ मध्ये सुरू झालेली ‘नीटी’ ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. १९८२ च्या संपानंतर शहरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यामुळे आज या शिक्षणाचा खरा ग्राहक ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ, तळोजा इथल्या कारखान्यांत भेटतो.

तिथे संगणकाने चालणाऱ्या नव्या सीएनसी यंत्रांशेजारी तीस-चाळीस वर्षांचे लेथही चालू असतात. असल्या लेथमधून माहिती बाहेर काढायला कुठलेच पोर्ट नसते. मग मोटरच्या एका फेजच्या वायरीभोवती करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे वायर न तोडता करंट मोजणारे कडे, अडकवतात. मशीन बंद, नुसते फिरते आहे, की खरोखर कटिंग चालू आहे, हे करंटच्या चढउतारावरून बऱ्यापैकी कळते. खर्च किरकोळ, आणि मशीनला हातही लावावा लागत नाही. महागड्या सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिकांपेक्षा असा एक प्रकल्प विद्यार्थ्याला अधिक शिकवून जातो.

मिळालेल्या माहितीतून सहसा पहिल्यांदा ओईई, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता, काढतात. समजा, शिफ्टमध्ये नियोजित वेळ ४८० मिनिटे आणि एका नगाला आदर्श वेळ १ मिनिट. मशीन ४३२ मिनिटे चालले, नग निघाले ३२४, त्यांतले चांगले ३१२. उपलब्धता ९० टक्के, वेग ७५ टक्के, गुणवत्ता सुमारे ९६ टक्के. तिन्हींचा गुणाकार ६५ टक्के. ‘मशीन दिवसभर चालूच होतं’ असे लॉगबुकात लिहिणारा सुपरवायझर खोटे बोलत नसतो. गळती ब्रेकडाऊनमध्ये कमी आणि मंद वेगात, बारीकसारीक थांब्यांत जास्त असते, आणि ती हाताने लिहिलेल्या नोंदीत सापडत नाही. मात्र हाच आकडा कामगाराला धारेवर धरायला वापरला, तर सेन्सरची वायर लवकरच ‘आपोआप’ सुटते! हा भाग अभ्यासक्रमात अजून फार थोडा शिकवला जातो.

सायबर सुरक्षेला मात्र आता रीतसर जागा मिळाली आहे. औद्योगिक नियंत्रकांना लक्ष्य करणारा स्टक्सनेट हा घातक संगणक प्रोग्राम २०१० मध्ये उघडकीस आला, तेव्हापासून हा धोका काल्पनिक राहिलेला नाही. कार्यालयातला संगणक अपडेटसाठी दुपारी बंद करता येतो, चालू रासायनिक प्लांट करता येत नाही. म्हणून प्लांटचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवतात आणि बरेचसे अपडेट ठरलेल्या शटडाऊनपर्यंत थांबवून धरतात.