‘कला’ म्हणजे नेमकी कोणती? शाळेतल्या संगीताच्या तासाची पार्श्वभूमी

पुण्यातल्या शाळांमध्ये संगीत कोणी शिकवायचं हा प्रश्न गेली पंधरा वर्षं ‘अंशकालीन निदेशक’ (पूर्णवेळ शिक्षक नव्हे, तर ठरावीक तासांपुरता येऊन शिकवणारा) या दोन शब्दांपाशी अडला आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये मंजूर झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्यासाठी मात्र ‘अंशकालीन निदेशक’ आहे, तोही पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. शंभराच्या आत पट असलेल्या शाळेत कलेसाठी कुणी असलंच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. महानगरपालिकेच्या ज्या लहान शाळांमध्ये मुलांना घरून गाण्याचा क्लास लावणं परवडत नाही, त्यांना ही अट सगळ्यांत जास्त लागते.

या तरतुदीच्या बाजूनेही बोललं गेलं आहे. निदेशक हा शिक्षक नाही, त्यामुळे अध्यापन पदविका नसलेला एखादा शाहीर किंवा ढोलकीवादक वर्गात येऊ शकेल, असं समर्थकांचं म्हणणं होतं. कल्पना चांगलीच होती. पण मानधन तासिकेवर, नेमणूक वर्षापुरती आणि वेळापत्रक ठरवताना सल्ला कुणी विचारत नाही, अशा कामासाठी तमाशाच्या किंवा जत्रेच्या हंगामात कोणता कलावंत थांबेल? नेमणुकांचं नूतनीकरण आणि मानधन यांवरून प्रकरणं न्यायालयापर्यंत गेली.

‘कला’ या शब्दाचा गुंता याहून जुना आहे. शाळेत ‘कलाशिक्षक’ म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर चित्रकलेचे सर येतात, आणि त्याला कारण आहे. चित्रकलेची स्वतंत्र पदविका आहे, शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा आहेत, आणि शाळेच्या व्यवस्थेत त्या पूर्वीपासून बसलेल्या आहेत. गाण्याच्या परीक्षा मात्र शाळेबाहेरच्या मंडळांच्या. म्हणून ‘कला’ या एका शब्दावर पद निघालं की ते बहुतेक चित्रकलेच्या वाट्याला जातं. संगीताला नकार मिळालेला नसतो, त्याचा कागदावर उल्लेखच नसतो.

शाळेत शिकवायचं संगीत कोणतं, हे त्याआधी बरंच ठरून गेलं होतं. पुण्यात 1874 मध्ये गायनाला वाहिलेली एक संस्था निघाली. गाणं घरंदाज माणसांनी शिकण्याजोगं आहे हे पटवून देणं, हा तिच्यामागचा एक हेतू होता. 1901 मध्ये लाहोरला एका महाराष्ट्रीय गायकाने संगीत विद्यालय काढलं आणि लिखित स्वरलिपी, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षांच्या पायऱ्या आणि शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर पदं ही घडी बसवली. त्यामुळे मुली घराबाहेर पडून गाणं शिकू शकल्या. हे मोठं काम होतं, आणि त्याचं ऋण मान्य करूनच पुढचं म्हणावं लागतं. या घडीत हलगी, संबळ, तुणतुणं, डफ यांना जागा मिळाली नाही. त्यांच्याबरोबर ती वाजवणाऱ्या जातींची मुलंही गाण्याच्या खोलीबाहेर राहिली.

तरीही लोकसंगीत शाळेत येत राहिलं, फक्त त्याला संगीत कुणी म्हटलं नाही. लेझीम शारीरिक शिक्षणाच्या तासाला आली आणि तिच्याबरोबर हलगीचा ठेका मैदानावर आला. ओवी, अभंग, भुजंगप्रयात यांच्या चाली मराठीच्या बाईंनी कविता म्हणून घेताना दिल्या. पोवाडा स्नेहसंमेलनात आला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यातल्या पेठांमधल्या काही शाळांनी ढोल-ताशाची पथकं उभी केली. गणपतीआधी नदीपात्रात सराव करणारी मुलंमुली ताशाच्या तर्ऱ्या आणि ढोलाचे हात ऐकून ऐकून पाठ करतात. स्वरलिपीशिवायचं हे शिक्षण काटेकोर असतं, पण प्रगतिपुस्तकात त्याच्यासाठी रकाना नाही.

गेल्या दशकात दहावीला शास्त्रीय संगीत-नृत्य आणि लोककला यांसाठी वाढीव गुण मिळू लागले. लोककलेचं नाव त्या यादीत आलं, हे पाऊल महत्त्वाचं होतं. पण शास्त्रीय परीक्षांची तयारी शाळेत होत नाही, ती शुल्क भरून बाहेरच्या क्लासमध्ये होते. गुण शाळेच्या गुणपत्रिकेत, शिकवणी मात्र शाळेबाहेर, अशी ही रचना आहे.

सर्वसमावेशकतेच्या चर्चेत आवाजाचा मुद्दा फार कमी येतो. सातवी-आठवीत मुलग्यांचा आवाज फुटतो आणि जवळपास एक सप्तक खाली उतरतो. मुली काळी चार-पाचमध्ये (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) गात असतात, मुलगे काळी एककडे घसरत असतात, आणि पेटीवर ‘सा’ एकच धरलेला असतो. ज्याला तो लागत नाही त्याला ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलं जातं. मी असे अनेक जण पाहिले आहेत जे त्या वर्षानंतर पुन्हा कधीच गायले नाहीत. दृष्टिहीन मुलांना कानावरून शिकवण्याची परंपरा तरी आहे. ज्यांना ऐकू येत नाही अशी मुलं ढोलाच्या पानावर, म्हणजे त्याच्या ताणलेल्या पडद्यावर, तळवा ठेवून लय ओळखू शकतात, हे मात्र सर्वसाधारण शाळेत क्वचितच कुणी करून पाहतं.

आधुनिकतेचा वाद बहुतेक वेळा वाद्यांवर घसरतो. मोबाइलवरचा तानपुरा चालेल का, कीबोर्ड चालेल का, असे प्रश्न निघतात. हा वाद नवा नाही. आज शाळेतलं हमखास वाद्य असलेली पेटी 1940 मध्ये आकाशवाणीवर बंद केली गेली होती, आणि ती बंदी सैल व्हायला तीन दशकं लागली. तेव्हाही ती परकी होती, मींड (एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता सरकत जाणं) तिच्यातून निघत नव्हती, आणि आक्षेपात तथ्यही होतं.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा दहावीपर्यंत अनिवार्य विषय असावा असं सुचवलं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने विषय आणि ‘सहशालेय’ उपक्रम यांच्यातली भिंत काढायला सांगितली. 2023 च्या आराखड्याने दृश्यकला, नाट्य, संगीत आणि नृत्य ही नावं वेगवेगळी घेतली, आणि 2024 मध्ये सहावीसाठी आलेल्या केंद्रीय पाठ्यपुस्तकात चारही विभाग आहेत. राज्यात नव्या अभ्यासक्रमाची सुरुवात 2025-26 पासून पहिलीच्या वर्गापासून झाली आहे. सहावी ते आठवीची पाळी त्यानंतरची, आणि त्या वर्गांसाठी कायद्याच्या परिशिष्टात ‘कला’ हा एकच शब्द अजून तसाच आहे.