बालआरोग्यावरचा रिव्ह्यू प्रॉस्पेरोत नोंदवायचाय? आकडे उतरवण्याआधी हे वाचा

माझी भाची पीडियाट्रिक्सची रेसिडेंट आहे. मागच्या रविवारी बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली, ती लॅपटॉप उघडतच. विषय होता सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचे थेंब दिल्यावर ॲनिमिया किती कमी होतो, यावरचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे पद्धतशीर आढावा. "मावशी, नऊ पेपरांचे आकडे एक्सेलमध्ये भरून झालेत. आता तेवढी प्रॉस्पेरोची नोंदणी करून दे ना."

आता ती होणार नाही, असं मला सांगावं लागलं. तिचा चेहरा पडला. नोंदणीचं मी तिला दोन महिन्यांपूर्वीच विचारलं होतं, पण तिच्याकडून "थई जशे" (होऊन जाईल) असं उत्तर मिळालं होतं. आरोग्यविषयक ग्रंथालयात काम करताना हा प्रसंग मी इतक्यांदा पाहिलाय की एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं.

प्रॉस्पेरो ही पद्धतशीर आढाव्यांची आंतरराष्ट्रीय नोंदवही. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या केंद्रानं ती फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू केली. फी नाही. सीटीआरआयशी तिची गल्लत करू नका: सीटीआरआय ही भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदणी, आणि इथे ट्रायल नोंदवत नाहीत, अनेक अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढण्याचा बेत नोंदवतात.

एवढा खटाटोप कशाला

असे आढावे करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बोधचिन्हात काही आडव्या रेघा आहेत. अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळ वाचतं का, हे तपासणाऱ्या सात ट्रायल्सच्या त्या रेघा. पहिली ट्रायल ऑकलंडहून १९७२ मध्ये आली. सगळ्या नीट एकत्र मांडलेला आढावा छापून आला १९८९ मध्ये. मधल्या काळात हा उपचार चालतो हे बहुतेक प्रसूतितज्ज्ञांच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि वाचू शकली असती अशी बाळं गेली.

एकत्र मांडलं की झालं, असंही नाही. त्याच १९८९ मध्ये ॲलर्जीचा धोका असलेल्या तान्ह्या मुलांच्या दूधपावडरीवरचा एक निबंध बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. तो मागे घेतला गेला २०१५ मध्ये. सव्वीस वर्षं तो संदर्भयाद्यांमध्ये फिरत होता. त्या प्रकारच्या दुधानं ॲलर्जी टळते याला सुसंगत पुरावा नाही, असं २०१६ च्या पद्धतशीर आढाव्यानं सांगितलं. म्हणून निवडलेला प्रत्येक पेपर मागे घेतलेला तर नाही ना, हे पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत पाहायचं, आणि ते कसं पाहणार तेही प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे रिव्ह्यूच्या लेखी बेतात, लिहायचं. दोन मिनिटांचं काम आहे, तरी टाळलं जातं.

कोण नोंदवू शकतं

देशाची, पदवीची, संस्थेच्या मानांकनाची अट नाही. अट रिव्ह्यूला आहे: त्यात आरोग्याशी थेट संबंध असलेलं फलित (आउटकम, म्हणजे जो परिणाम मोजायचा तो) हवं. उपचार, प्रतिबंध, निदानचाचणी, जोखीमघटक, रोगाचं प्रमाण, सगळं चालतं. रॅपिड रिव्ह्यू (थोड्या वेळात उरकलेला) आणि अम्ब्रेला रिव्ह्यूही (आढाव्यांचा आढावा) चालतात. स्कोपिंग रिव्ह्यू (विषयावर काय काय संशोधन झालंय एवढंच मांडणारा) चालत नाही, साधा साहित्य-आढावाही नाही. वर्गातला सराव म्हणून केलेला छोटा रिव्ह्यू घेत नाहीत, पण प्रबंधासाठी पूर्ण शिस्तीनं केलेला असेल तर अडचण नाही. कॉक्रेनचे प्रोटोकॉल तिथे आपोआप जातात, ते पुन्हा भरू नका.

आणि वेळ. डेटा एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे निवडलेल्या पेपरांतले आकडे तक्त्यात उतरवणं, सुरू होण्याच्या आत नोंदणी हवी. शोध घेऊन झाला असेल तर चालतं. माझा सल्ला मात्र शोधाच्याही आधी नोंदवा असाच. भाची नेमकी इथे अडली. "तारीख थोडी मागची टाकू का?" असं हळूच विचारून झालं. फॉर्ममध्ये रिव्ह्यू कुठल्या टप्प्यावर आहे हे विचारतात. तिथे खोटं लिहिणं म्हणजे ज्यासाठी नोंदणी करायची, आकडे पाहण्याआधी बेत ठरवणं, तेच बुडवणं.

कागदपत्रं

आधार नको, बोनाफाइड नको, गॅझेटेड अधिकाऱ्याची सही नको. आपल्याकडे यावर कुणाचा विश्वास बसत नाही. एकानं मला विचारलं होतं, स्टॅम्पपेपर किती रुपयांचा लागेल म्हणून! लागतं ते एवढंच: ईमेलवर उघडलेलं खातं, संपर्कासाठी एका जबाबदार व्यक्तीचं नाव, टीममधल्या सगळ्यांची नावं आणि संस्था, निधी कुठून आला ते, आणि हितसंबंध असतील तर ते. फॉर्म इंग्रजीतच भरावा लागतो.

खरं कागदपत्र म्हणजे तुमचा प्रोटोकॉल. तो आधी वर्डमध्ये पूर्ण लिहा. प्रोटोकॉलमध्ये काय काय हवं हे सांगणाऱ्या प्रिझ्मा-पी या २०१५ च्या यादीत सतरा मुद्दे आहेत, त्यांच्या आधारानं. थेट फॉर्ममध्ये सुचेल तसं टाइप करणाऱ्यांचं काय होतं ते मी पाहिलंय.

एथिक्स कमिटीचं वेगळं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहितीवरचे पद्धतशीर आढावे परीक्षणातून सूट मिळण्याजोगे आहेत. मात्र सूट आपली आपण घ्यायची नसते. कमिटीकडे अर्ज करून पत्र घ्या, नाहीतर प्रबंध जमा करताना तेच पत्र शोधत फिराल.

फॉर्ममधली अवघड जागा

प्रश्न, वयोगट, उपचार, तुलना कशाशी, कुठल्या प्रकारचे अभ्यास घेणार, कुठे शोधणार, पक्षपाताचा धोका कसा मोजणार (यादृच्छिक, म्हणजे रँडमाइज्ड, ट्रायल्ससाठी आरओबी-२ हे साधन), आकडे एकत्र कसे करणार: हे सगळे रकाने येतात. बहुतेक जण ते नीट भरतात. घोळ होतो तो फलिताच्या रकान्यात. "ॲनिमिया" एवढा एक शब्द लिहून लोक पुढे जातात.

भाचीच्याच विषयात बघा. पूर्वी सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना एकच रेघ होती, हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली म्हणजे ॲनिमिया. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी ती १०.५ वर आणली. दोन वर्षांपुढच्यांना ११ च राहिली. आता दीड वर्षाचं मूल घ्या, हिमोग्लोबिन १०.७. २०१९ च्या पेपरात ते ॲनिमियाचं, २०२५ च्या पेपरात नाही. दोन्ही पेपर तुमच्या तक्त्यात शेजारीशेजारी बसलेत. कुठली रेघ धरणार? आकडे समोर आल्यावर ठरवलंत तर ज्या रेघेनं थेंबांचा गुण जास्त दिसतो तीच बरोबर वाटायला लागते. त्यात लबाडी असतेच असं नाही, मन तसं चालतं. म्हणून हे आधी, तारखेसकट, लिहायचं: जुनी रेघ की नवी, की दोन्हींनी वेगवेगळं गणित करून दाखवणार, की रेघेचा नादच सोडून हिमोग्लोबिनच्या सरासरीतला फरक घेणार. भाचीच्या एक्सेलमध्ये "ॲनिमिया" असा एकच कॉलम होता आणि कुठल्या पेपरात कुठली रेघ, याची नोंदच नव्हती.

कुपोषणाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची वाढमानकं २००६ ची. ती सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवरून केली, त्यात आपली दिल्लीही होती. त्याआधीचे अभ्यास अमेरिकेच्या एनसीएचएस (राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्र) तक्त्यांवर, आणि आपल्याकडचे कितीतरी इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या टक्केवारीच्या श्रेणींवर. तेच मूल एका तक्त्यात कमी वजनाचं, दुसऱ्यात बरं. बडोद्यात पोषणशास्त्रावर काम करणारे पुष्कळ आहेत, त्यांना हे नवं नाही, पण फॉर्म भरताना नेमकं हेच राहून जातं.

वयोगटही "मुलं" असा सोडू नका. नवजात म्हणजे पहिले अठ्ठावीस दिवस. एखाद्या अभ्यासात दहा वर्षांपर्यंतची मुलं मिसळलेली असतील तर तो घेणार, की लेखकांकडे वेगळे आकडे मागणार? एक ओळ पुरते.

सबमिट केल्यावर

अर्ज व्याप्तीत बसतो का, एवढंच तिथे पाहतात. तुमची पद्धत चांगली आहे असं त्यातून कुणी म्हटलेलं नसतं. काही विभागांमध्ये तो क्रमांक मानपत्रासारखा मिरवतात, त्याला इलाज नाही. क्रमांक सीआरडी४२ नं सुरू होतो. तो गोषवाऱ्यात आणि पद्धतीच्या भागात लिहायचा. पुढे बेत बदलावा लागला तर बदलता येतो, फक्त जुनी आवृत्ती पुसली जात नाही, सगळ्यांना दिसते. पूर्ण झालेला रिव्ह्यू कसा लिहायचा याची यादी म्हणजे प्रिझ्मा २०२०, तिच्या सत्तावीस मुद्द्यांपैकी चोविसावा मुद्दा हाच आहे: नोंदणी कुठे केली, प्रोटोकॉल कुठे मिळेल, काय बदललं. बदल लपवू नका, कारण सांगा. रिव्ह्यूअर त्याला नावं ठेवत नाहीत, लपवलेल्याला ठेवतात.

शोधासाठी पबमेड फुकट आहे, एम्बेस या तशाच दुसऱ्या सूचीला वर्गणी लागते. सरकारी महाविद्यालयात असाल तर जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून सुमारे तेरा हजार नियतकालिकं उघडतात. तरी ग्रंथपालाला गाठाच, शोधाची वाक्यरचना एकट्यानं करू नका. "चाइल्ड" लिहून "इन्फंट" विसरलेले शोध मी दर महिन्याला दुरुस्त करते.

भाचीचं शेवटी असं झालं. प्रोटोकॉल आम्ही ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधकांच्या खुल्या संकेतस्थळावर टाकला. तीही नोंदणी फुकटच, स्कोपिंग रिव्ह्यूवालेही तिथेच जातात. तिसऱ्या परिच्छेदात तिनं स्वतः लिहिलं: "ही नोंद करण्यापूर्वी नऊ निबंधांतले आकडे उतरवून झालेले आहेत." मग एक्सेलमध्ये "ॲनिमिया"च्या शेजारी एक कॉलम वाढवला, रेघ कुठली धरली त्याचा, आणि पहिला पेपर पुन्हा उघडला.