प्रतिजैविकांची संयोग-चाचणी

एकेकट्या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या जीवाणूवर दोन प्रतिजैविके मिळून कितपत चालतात, हे प्रयोगशाळेत मोजण्याची पद्धत. नेहमीच्या ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी’ अहवालात प्रत्येक औषधाचा निकाल स्वतंत्र असतो. येथे जोडीचा निकाल पाहतात. दोन औषधांचे मिळून अपेक्षेहून अधिक काम झाले तर सहक्रिया, एक दुसऱ्याच्या आड आले तर विरोध, एरवी तटस्थता.

ही ‘अपेक्षा’ कशी ठरवायची, यावर जुना वाद आहे. फ्रेझर यांनी १८७० च्या सुमारास ॲट्रोपीन व फायसोस्टिग्मीन यांच्या परस्परविरोधावर केलेले काम काही अभ्यासक आरंभबिंदू मानतात. ते विषांपुरते होते. लोवे व मुइश्नेक यांची १९२६ मधील समपरिणाम-रेषेची (सारखाच परिणाम देणाऱ्या दोन औषधांच्या मात्रा जोडणाऱ्या रेषेची) कल्पना हाच आजच्या गणिताचा पाया मानणे अधिक सयुक्तिक ठरते. लोवे यांच्या निकषाप्रमाणे एखादे औषध स्वतःशीच जोडले तर सहक्रिया दिसता कामा नये. ब्लिस यांनी १९३९ मध्ये दोन्ही औषधे स्वतंत्रपणे मारतात असे धरून संभाव्यतेचा निकष मांडला. एकाच प्रयोगाला हे दोन निकष लावले तर निष्कर्ष वेगळे निघू शकतात. जीवाणुशास्त्रात मुख्यतः लोवे यांची बाजू रुजली. एलियन, सिंगर व हिचिंग्ज यांनी १९५४ मध्ये मांडलेली अंशात्मक रोधक संहती (जोडीत लागणारे औषधाचे प्रमाण भागिले एकट्याने लागणारे प्रमाण) तिच्याशी जुळते, आणि ती हिशेबाला सोपी आहे.

प्रचलित ‘चेकरबोर्ड’ पद्धतीत ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एका औषधाची निम्मी-निम्मी होत जाणारी संहती उभी व दुसऱ्याची आडवी मांडतात. मागावरचा ताणा-बाणा पाहिलेल्या सोलापूरकराला ही रचना लगेच उमगेल. समजा, मेरोपेनेम या प्रतिजैविकाची किमान रोधक संहती (एमआयसी, म्हणजे जीवाणूची वाढ रोखणारे सर्वांत कमी प्रमाण) एकट्याने १६ व जोडीत ४, कोलिस्टिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची एकट्याने २ व जोडीत ०.५ आहे, तर दोन्ही अंशात्मक संहतींची बेरीज, म्हणजे निर्देशांक, ०.२५ + ०.२५ = ०.५. निर्देशांक ०.५ किंवा कमी म्हणजे सहक्रिया, ४ हून अधिक म्हणजे विरोध. ही मर्यादा मुद्दाम कडक आहे, कारण एमआयसीत एका पायरीची (दुप्पट किंवा निम्मे इतकी) चूक नेहमीच संभवते. ०.५ ते १ यांना ‘बेरजेचा परिणाम’ म्हणण्याची रीत काही ठिकाणी आहे. हा पट्टाही तटस्थच धरावा, हा ऑड्स यांनी २००३ मध्ये तिला घेतलेला आक्षेप रास्त वाटतो. कालसापेक्ष मारक चाचणी या दुसऱ्या पद्धतीत २४ तासांनी जोडी सर्वांत प्रभावी एकट्या औषधाहून १०० पट अधिक जीवाणू मारते का, हे पाहतात.

विरोधाची किंमत रुग्ण मोजतो. १९५१ मध्ये लेपर व डाउलिंग यांना न्यूमोकॉकल मेंदूज्वरात पेनिसिलिनसोबत ऑरिओमायसीन दिलेल्यांत मृत्यू अधिक आढळले. ऑरिओमायसीन जीवाणूची वाढ थांबवते, आणि वाढ थांबलेल्या जीवाणूवर पेनिसिलिन निष्प्रभ ठरते. उलट प्लेटवरची सहक्रिया खाटेपाशी उतरेलच असे नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०६ रुग्णांच्या चाचणीत कोलिस्टिनला मेरोपेनेमची जोड देऊन निर्णायक फायदा दिसला नाही. म्हणून अहवालात नुसते ‘सहक्रिया आढळली’ असे लिहू नये. जोडीतील संहती द्यावी, म्हणजे ती रक्तात गाठता येईल का, हे डॉक्टरांना ठरवता येते. एनडीएम विकर (अनेक प्रतिजैविकांना तोडणारे एन्झाइम) असलेल्या जीवाणूंसाठी सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम व ॲझट्रिओनॅम ही जोडी तपासण्यामागे मात्र भक्कम कारण आहे : एनडीएम ॲझट्रिओनॅमला तोडत नाही, आणि ॲझट्रिओनॅमला तोडणाऱ्या इतर अनेक विकरांना ॲव्हिबॅक्टम अडवते.

सोलापुरात या विषयाचे स्वाभाविक केंद्र म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६३) व त्याला जोडलेले, लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’ असलेले रुग्णालय. येथील हवामानाची एक अडचण सहसा लिहिली जात नाही. चाचणी सुमारे ३५° से. तापमानाला होते. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे गेला आणि खोलीही तापली, की आतले तापमान मर्यादेबाहेर जाते आणि मेथिसिलिन-प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू चाचणीत न ओळखता निसटू शकतो. शीतक असलेला इनक्युबेटर किंवा वातानुकूलित खोली, आणि तापमानाची रोजची नोंद, यांखेरीज उन्हाळ्यातील निकालावर विसंबू नये.